काचेवरची नळी

— सोळा नंबरचा तुकडा सतराला चिकटवायचा आणि पाच मिनिटं श्वास रोखून बसायचं.
— आज बसमध्ये सव्वीसच पोरं होती. एकीला ताप आलाय.
— असा पोपटी रंग फासला तर शत्रू हसूनच मरेल. मातकट हिरवा पाहिजे, मातकट.
— ही तिसरी नळी, काका. आता माझ्याकडे शिल्लक नाही.
— गॅसवर पाणी कशाला ठेवलंय? चहा तर झाला ना तुमचा?
— लष्कराच्या भरतीत छाती भरली, उंची अर्ध्या इंचाने कमी पडली. म्हणून रणगाड्याऐवजी पिवळी बस.

(ही बोलणी गेल्या महिन्याभरातली, इकडची तिकडची. आज रविवार, दुपार. जेवणाच्या काचेच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं आणि त्यावर वीतभर लांबीचा प्लॅस्टिकचा रणगाडा, अर्धा रंगवलेला, शेजारी त्याच्या तोफेची सुटी नळी. शाळेची बस चालवणारे बाबा उजव्या डोळ्याला घड्याळजीचं भिंग लावून बसले आहेत. त्यांची लेक कपड्यांच्या कारखान्यात कटिंग करते. ती खेळण्यांच्या दुकानातून थेट आली आहे. बाबांना काय विचारायचं ते तिने जिन्यात दोनदा मनाशी म्हणून पाहिलं होतं. टेबलाकडे नजर गेली आणि ती ते विसरली.)

लेक : हे काय केलंत?

बाबा : चप्पल काढ आधी. काय केलं म्हणजे?

लेक : ही तोफेची नळी.

बाबा : सरळ केली. तीन नळ्या झाल्या, तिन्ही मधोमध वाकड्या. त्यांचा साचाच बिघडलेला असणार. म्हटलं, किती वेळा दुकानाच्या पायऱ्या चढायच्या? उकळत्या पाण्यात धरली, मऊ पडल्यावर बोटाने हळूच दाबली, मग गार पाण्यात. आता बघ, कशी सुतासारखी झालीय.

लेक : बाबा, ही वाकडी आहे.

बाबा : कुठे?

लेक : मधेच. केळं झालंय तिचं.

बाबा : तुझ्या डोक्याचं झालंय केळं.

लेक : मी दिवसभर कापडावर खडूने रेघा मारते. माझ्या एका रेघेवर दोनशे शर्ट कापले जातात.

बाबा : शर्ट वेगळा, तोफ वेगळी. तोफ दोराभर हलली तर गोळा शेजारच्या गावात जाऊन पडतो. रंग आणलास?

लेक : आणला. आणि दुकानदारांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, काकांना दुखवायला नको म्हणून मी बोललो नाही. तुम्ही परत दिलेल्या दोन्ही नळ्या त्यांनी ठेवून दिल्यात.

बाबा : ठेवणारच. उद्या दुसऱ्या कोणाच्या तरी गळ्यात मारील.

लेक : फोन लावते. तुम्हीच ऐका.

दुकानदार : हां ताई, रंग चुकला का?

लेक : रंग बरोबर आहे, काका. मघाशी नळीचं मला सांगितलंत ना, तेच जरा बाबांना सांगा. स्पीकरवर आहात.

दुकानदार : अहो... कशाला ताई. बरं. काका, राग मानू नका. दुसऱ्या वेळी तुम्ही आलात ना, तेव्हा तुम्ही गेल्यावर मी काउंटरच्या काचेवर दोन्ही लोटून बघितल्या. सरळ नळी गपगुमान जाते. वाकडी असली की उड्या मारते. तुमच्या दोन्ही गपगुमान गेल्या.

बाबा : मग तिसरी कशाला दिलीत? तेव्हाच तोंडावर सांगायचं.

दुकानदार : माझी पुतणी रोज तुमच्या बसमध्ये असते, काका. तुमच्याशी काय एका नळीवरून वाद घालायचा?

लेक : ठेवते, काका. आभारी आहे.

बाबा : भला माणूस आहे. पण धंदेवाला शेवटी.

लेक : बाबा, ते भिंग काढा. आता डावा डोळा हाताने झाका.

बाबा : माझी शाळा घेणार आता?

लेक : झाका ना. ओट्यामागच्या टाइल्स बघा. काय दिसतं?

बाबा : टाइल्स दिसतात. पांढऱ्या. पुसायला झाल्यात.

लेक : त्यांच्यामधल्या रेघा?

बाबा : रेघा... भिंत फुगलीय गं. आतून ओल आली वाटतं. प्लंबरला बोलवायला पाहिजे.

लेक : नेमकी कुठे फुगलीय?

बाबा : ही काय, नळाच्या वर.

लेक : आता नळाकडे नको, खिडकीकडच्या टाइल्सकडे बघा.

बाबा : तिथेही आहे.

लेक : आणि नळाच्या वर?

बाबा : ... तिथली बसली.

लेक : म्हणजे तुम्ही बघाल तिकडे ओल सरकते.

बाबा : वय झालं की होतं थोडंफार. दुसरा डोळा ठणठणीत आहे. थांब, उजवा झाकतो. हं. खिडकीला सात गज.

लेक : ते सात मी बालवाडीत असल्यापासून आहेत. तुम्हाला पाठ आहेत. चष्मा लावा आणि या बाटलीच्या झाकणावर काय आहे ते वाचा.

बाबा : मातकट हिरवा.

लेक : झाकणावर नाव नाहीच. आकडा आहे.

बाबा : बारीक असेल.

लेक : माझ्या नखाएवढा आहे, बाबा.

बाबा : दे इकडे, उजेडात धरतो.

लेक : मधला भाग जातोय का? कडेचं दिसतं आणि मधलं पुसल्यासारखं होतं?

बाबा : तू काय डॉक्टर झालीस? पिशवीत काय आहे ते?

लेक : तुमची दुसरी नळी. त्यांनीच दिली, काढून.

बाबा : वर्तमानपत्र सरकव. रणगाडा उचल नीट, खालून धर, पट्टे ओले आहेत अजून. आता दोन्ही नळ्या घे. मी डोळे मिटतो. कुठली सोडतेस ते सांगू नकोस.

लेक : सोडली.

बाबा : सोड की.

लेक : सोडली, बाबा. पार त्या टोकाला गेली.

बाबा : आवाज नाही आला. बरं, दुसरी.

लेक : सोडली.

बाबा : टक... टक... टक. थांबली. पुन्हा सोड.

लेक : राहू दे आता.

बाबा : तीच पुन्हा सोड म्हटलं ना.

लेक : घ्या.

बाबा : टक, टक. ही मी वाकवलेली.

लेक : हो.

बाबा : कान फसवत नाही. मागच्या चाकात खडा अडकला तर मला सीटवर बसून कळतं, कुठल्या चाकात आहे ते. मी चांगली नळी घेतली आणि हाताने वाकवली.

लेक : किती दिवस होतंय हे?

बाबा : रोज नाही होत. आधी विजेच्या खांबांना पोटं दिसायला लागली. मला वाटलं, बसची समोरची काच खराब झालीय, लाट आलीय तिच्यात. गॅरेजवाल्याच्या मागे लागलो. त्याने कुरकुर केली, पण बदलली.

लेक : मग?

बाबा : नव्या काचेतही लाट होती.

लेक : हे कधीचं?

बाबा : दोन महिने झाले असतील.

लेक : दोन महिने तुम्ही तशीच बस चालवताय?

बाबा : ओरडू नकोस. हळू चालवतो. मुलं म्हणतात, काका बैलगाडी हाकतात.

लेक : मी ओरडत नाहीये. उद्या किती वाजता निघायचं असतं?

बाबा : सहाला घरातून. साडेसहाला पहिलं पोर चढतं.

लेक : उद्या तुम्ही जायचं नाही. मी सुट्टी टाकते, आपण डोळ्यांच्या दवाखान्यात जाऊ. लवकर गेलं तर काही वाचतंही म्हणतात.

बाबा : दवाखान्यात लिहून देतात. लिहून दिलं की लायसन गेलं.

लेक : जाऊ दे.

बाबा : तुझं काय जातं म्हणायला? मला दुसरं काय येतं, सांग. घरी बसून करू काय? हा रणगाडा? त्याचीही नळी बघितलीस ना.

लेक : सगळं येईल बघता बघता.

बाबा : बघता बघताच तर येणार नाही.

लेक : बाबा.

बाबा : चिमणे, उद्याची एकच फेरी मारू दे. पोरांना सांगून येतो. अचानक दुसरा कोणी दिसला तर लहान वर्गातली रडतात. रस्ता मला पाठ आहे. प्रत्येक खड्डा पाठ आहे.

लेक : रस्त्यात येणारी माणसं पाठ आहेत? मला भीती वाटतेय, बाबा. आत्ता, इथे बसून वाटतेय.

बाबा : मलाही वाटते. तुझ्याआधीपासून.

लेक : डोळे जातील याची?

बाबा : नाही.

लेक : मग?

बाबा : बस ऑफिसचा नंबर लाव. सुपरवायझर रविवारी पाचपर्यंत असतो. तूच लाव, आकडे माझ्याकडून चुकतील.

लेक : काय सांगणार?

बाबा : उद्यापासून दुसरा ड्रायव्हर पाठव म्हणून.

लेक : कारण विचारतील.

बाबा : विचारू दे. लागला?

लेक : रिंग जातेय. कारण काय सांगू, बाबा? मी बोलू का?

बाबा : नको, दे इकडे. गेल्या गुरुवारी शाळेच्या फाटकापाशी मी ब्रेक दाबलाच नव्हता. खाली उतरलेल्या बसच्या मावशीने चाकापुढे आलेल्या पोरीला दप्तर धरून मागे ओढलं.