बाबांनी आज नावं ठेवली नाहीत

(अकोल्याच्या एका स्टेडियममागची खोली. दुपार. महिला बॉक्सिंगच्या विभागीय स्पर्धेची शेवटची लढत थोड्या वेळात आहे. कोच अब्दुल गफ्फार चंदाच्या हातांना पट्ट्या बांधताहेत. समोरच्या बाकावर तिचे वडील किसनराव.)

गफ्फार : पुन्हा सांगा किसनराव. मले नीट ऐकू नाई आलं.

किसनराव : त्यात पुन्हा काय सांगाचं? चंदा जिंकते म्हनलं. अनुभव आहे तिच्यापाशी.

गफ्फार : हे तुमी म्हनून राहिले?

किसनराव : काहून, मले बंदी आहे काय बोलाची?

गफ्फार : बंदी नाई जनाब. पन आपली तकरार ठरलेली आहे. मी म्हन्तो अनुभव, तुमी म्हन्ता स्टाईल. मी म्हन्तो चंदा, तुमी म्हन्ता समोरची. पोरगी सोळा वर्साची होती तवापासून हेच चालू आहे. नागपूरले तुमी म्हनले हरते. नांदेडले म्हनले हरते.

चंदा : बुलढान्याले तं समोरची आलीच नव्हती. तरी बाबा म्हने, पाहा, हे हरते.

किसनराव : ते जाऊ दे नं आता. इतके वर्स विरोधात बोललो तं तुमाले राग. आज तुमच्या बाजूनं बोललो तं तेही पचत नाई.

गफ्फार : नाई पचत. मी घरून जवाब तयार करून आलो होतो. तुमी म्हनसान, त्या तिवस्याच्या आरतीचे पाय पाहा, पोट्टी रिंगनात नाचते. मंग मी म्हनीन, मियाँ, नाचून पॉइंट भेटत नाई, ठोसा लागला तं भेटते. आता कोनाले सांगू मी हे? भिंतीले?

किसनराव : मले सांगा. मी हो म्हन्तो.

गफ्फार : हद झाली.

चंदा : सर, पट्टी आवळ झाली. अन् तुमी दोघं माह्यासमोर माह्याबद्दलच बोलून राहिले. मी इथीच बसून आहो.

गफ्फार : मूठ उघड बेटा. बंद कर. आता?

चंदा : आता ठीक.

किसनराव : चंदे, तू कायची काळजी करू नोको. ती आरती एकोनीस वर्साची. ती पाळन्यात होती तवा तू हातात ग्लोव्ह घातले. तुझं डोकं थंड, तुझा डावा हात म्हंजे काय सांगू, अन् दम तं विचारूच नोको.

चंदा : बाबा, बस करा.

किसनराव : अवं, तारीफ करून राहिलो तुझी.

चंदा : तेच म्हन्ते मी. काहून करून राहिले?

किसनराव : बाप आहो म्हनून. आता बापानं पोरीले चांगलं म्हनाचंही नाई काय?

चंदा : तुमी नाई म्हनाचं.

गफ्फार : अरे यार, तुमी बापलेकी आता भांडू नोका. किसनरावांनी चांगला शब्द काढला, घेऊन टाक.

चंदा : सर, तुमाले बाबांची सवय माईत नाई. शेंदूरजन्याले आमचा संत्र्याचा धंदा. फळं झाडावर असतानाच अख्खी बाग घेतेत बाबा. मी लहान होती तवा मोटरसायकलवर मागं बसून जात होती पाहाले. जी बाग मनात बसली नं, तिले नुसती नावं ठेवाची. माल बारीक आहे. साल जाड आहे. फळं लय गळनार आहेत. मालकाचं तोंड उतरलं पाहिजे.

गफ्फार : तो तं धंदाच झाला. भाव पाडाचा.

चंदा : हो. अन् जी बाग घ्याची नाई, तिची तारीफ. वा भाऊ, काय झाडं ठेवली, लेकरावानी जपली तुमी. मंग मालकाचा चहा पिऊन निघून याचं. रस्त्यात मले सांगत, झाडं मुळातून गेली आहेत, दोन वर्सात वाळतात.

किसनराव : धंद्याची गोष्ट इथी काहून काढते?

चंदा : कारन इतके वर्स तुमी मले नावं ठेवली. मले लय राग येत होता. आईजवळ रडत होती मी. पन मनात समजत होतं, बाबा नावं ठेवून राहिले म्हंजे बाबा अजून बागेत उभे आहेत. आज पहिल्यांदा तारीफ केली.

किसनराव : तं?

चंदा : तं तुमी चहा पिऊन निघाले.

गफ्फार : किसनराव, बोला काई.

किसनराव : काय बोलू?

गफ्फार : पोरगी पाच-दहा मिनिटात रिंगमधी उतरनार आहे. असं तोंड घेऊन उतरली तं ती आरती हिले पहिल्याच राउंडात लोळवन. बोला.

किसनराव : तुझी सासू भेटली होती मले. बेबीताई. ते म्हने, चंदानं शब्द देल्ला आहे. या वेळी राज्यासाठी निवड झाली तं खेळन, नाई तं हे शेवटचं. ग्लोव्ह ठेवून देईन अन् लेकराकडे पाहीन.

चंदा : देल्ला आहे. त्याईनं दोन वर्स माह्यं पोरगं सांभाळलं. त्याईचंही वय आहे.

किसनराव : तं मले वाटलं, शेवटची आहे. एकदा तरी बापाच्या तोंडून चांगलं ऐकून जावं इनं.

चंदा : म्हंजे हरते असंच वाटते तुमाले.

किसनराव : चंदे...

चंदा : हो का नाई, तेवढं सांगा.

किसनराव : हो. वाटते. अन् भेव वाटते. मागच्या खेपेस तुझ्या नाकातून रक्त आलं, मले पाहावलं नाई. मी आता म्हातारा झालो, माह्याच्यानं होत नाई हे.

चंदा : होत नाई तं नोका पाहू. पन मले खोटं गोड बोलू नोका. काय पायलं तुमी? सांगा. बाग घ्याची आहे असं समजून सांगा.

किसनराव : राग येईन तुले.

चंदा : येऊ द्या.

किसनराव : तिसऱ्या राउंडले तुझा उजवा हात खाली येते. हनुवटी उघडी पडते.

चंदा : अजून.

किसनराव : बाळंतपनापासून मागं सरताना तुझा पाय जड झाला. अन् तुझ्या अनुभवाचंच एक खूळ आहे. दोन ठोसे मारतेस अन् थांबतेस. बरोबर लागले का ते पाहतेस. कायले पाहतेस? तवरोक ती पोट्टी मारून निघून जाते.

गफ्फार : ऐकलं? एक महिना झाला, मी हेच ओरडून राहिलो. थांबू नोको, थांबू नोको. माह्यं ऐकते कुठी ही.

चंदा : ऐकलं सर.

गफ्फार : पन किसनराव, तुमी त्या आरतीकडे नीट पायलं नाई. ठोसा लागला का ती लोकाईकडे पाहते. टाळ्या पाहिजे तिले. तेवढ्यात चंदा आत घुसली का खेळ खतम.

किसनराव : घुसन कशी? पाय पाहा त्या पोट्टीचे. इथी दिसते तं तथी असते.

गफ्फार : पायानं पॉइंट भेटत नाई मियाँ.

किसनराव : अन् अनुभवानं भेटतेत काय? अनुभव तं माह्यापाशीही लय आहे. मले उतरवता रिंगमधी?

गफ्फार : अनुभव म्हंजे उमर नाई. मार खाऊन उभं राहाची आदत. त्या पोट्टीनं आजवर मार खाल्लाच नाई. एक लागू द्या, मंग पाहा तिची स्टाईल.

किसनराव : लागला तं नं. लागाले पाहिजे.

चंदा : सर, नाव पुकारलं. ग्लोव्ह चढवा.

गफ्फार : हो, हो. हात दे. किसनराव, तुमच्यामुळं माह्यं डोकं उठलं.

चंदा : चालू ठेवा तुमी. मी होते पुढं.

गफ्फार : अवं थांब, बादली तं घेऊ दे मले. गेली. किसनराव, आता पोरगी गेली. आपन दोघंच आहो. इमान से सांगा, काय होईन?

किसनराव : काय होनार? दम पुरत नाई तिले. मान आखूड आहे. उजवा हात लोंबते. अन् डोकं तं असं, कोनाचं ऐकाचं नाई.

गफ्फार : इतकं खराब आहे तं चला मंग घरी.

किसनराव : घरी कोन जाते? सरका, रिंगसमोरची खुर्ची धरू द्या मले.