सुई टोचली, पण तुरटी कुठंय?

नाही, नाही, हसू नका, आधी ऐका! तुम्हाला सांगतो, सुरुवात त्या डॉक्टरीणबाईंनी केली. अहो, माणसाच्या खांद्यात, थेट सांध्यात, ही एवढी सुई खुपसायची, ते स्टेरॉइड का काय ते आत सोडायचं, वर टिकलीएवढी पट्टी चिकटवायची आणि म्हणायचं, झालं, निघा? झालं? तुरटी कुठंय? मी सलूनवाला माणूस. माझ्या खुर्चीतल्याला वस्तरा नुसता घासून गेला तरी मी तुरटी फिरवतो, नाही घासला तरी फिरवतो. का? खबरदारी म्हणून! माझ्या धंद्यात हे असंच चालतं.

आता खांद्याला काय झालं होतं म्हणाल, तर आखडला होता. उजवा. हात गिऱ्हाइकाच्या कानापर्यंत जायचा आणि तिथंच रुसून बसायचा... मग वरचं डोकं कोण कापणार? मी म्हणायचो, जरा खाली सरका. ते बिचारं सरकायचं. अजून जरा... अजून सरकायचं. शेवटी खुर्चीत नुसतं डोकं आणि बाकीचं गिऱ्हाईक जमिनीवर! अशानं कोण येणार? म्हणून बायकोनं आपल्या भावाला बोलावून माझ्या खुर्चीमागे उभं केलं. मेव्हणा गोड माणूस हो, तीच तर अडचण! दाढीबरोबर डोकं चेपून देतो, घरची खुशाली विचारतो... लोक दारातून डोकावून विचारायला लागले, "ते नवीन आहेत का?" आणि मी समोर उभा! माझ्याच दुकानात! खांदा सुटला नाही तर खुर्ची गेली, हे मला ढळढळीत दिसत होतं. म्हणून ती सुई घेतली.

तर मी बाईंना म्हटलं, अँटिबायोटिक लिहून द्या, जंतू शिरले असतील. त्या म्हणाल्या, गरज नाही, सगळं निर्जंतुक होतं. हाताला दोन दिवस आराम द्या, सांधा लाल झाला, सुजला, ताप आला तर लगेच या. मी म्हटलं, पण खबरदारी म्हणून? तर म्हणाल्या, "हीच खबरदारी." घ्या! म्हणजे मी गिऱ्हाइकाला सांगायचं, तुरटी नाही, नुसतं घरी जाऊन गालाकडे बघत बसा!

औषधाच्या दुकानात गेलो, तो म्हणतो, चिठ्ठी आणा. पण घरी बायकोचा डबा आहे ना! बिस्किटांचा, पत्र्याचा. घरातल्या प्रत्येक दुखण्याची उरलीसुरली गोळी त्यात जाऊन पडते. बायको म्हणाली, ही लाल-पिवळी घ्या, माझी दाढ हिनंच गप्प बसवली. मेव्हणा म्हणाला, दाजी, माझ्या गळवाचीपण घ्या, एकीवर भरवसा नको. मी दोन्ही घेतल्या. सासूबाईंची कशाची तरी होती, तीही घेतली, उगाच त्यांना वाईट वाटायला नको. खबरदारी म्हणून हो, दुसरं काय!

आणि गंमत बघा... खांदा सुटला! सकाळी उठलो, हात वर केला, तर गेला की वर! माळ्यावरचं पातेलं काढलं, परत ठेवलं, परत काढलं... डोळ्यांत पाणी आलं हो. बायको म्हणाली, बघा माझ्या गोळ्या! सुई टोचली बाईंनी आणि हार हिच्या गळ्यात! पण एवढ्यात पोट म्हणालं, आता माझी पाळी. खांद्यात जंतू होते की नव्हते देव जाणे, पोटातले गुणी जंतू मात्र बोचकी बांधून निघाले. बाईंना फोन केला. कुठल्या डब्यातल्या, कुणाच्या, कशाकशाच्या, सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "आधी तो डबा बंद करा."

डबा बंद केला, पण पोट कुठं बंद होतंय? आणि दुकानात कोण आलेलं? माझे हेडमास्तर! लहानपणी ज्यांच्या छड्या खाल्ल्या, ते. मेव्हण्याला गालाला हात लावू दिला नव्हता त्यांनी. दाढी वाढवून माझी वाट बघत थांबलेला हा एकच माणूस! मेव्हणा बाजूला झाला, बाकावर गिऱ्हाइकं बसलेली, सगळे बघतायत. मी फेस लावला, वस्तरा उचलला, हात कसा लोण्यासारखा फिरतोय... एक गाल चकाचक झाला. आणि पोटात गुडगुड! दुसऱ्या गालाशी आलो, कपाळावर घाम. सरांना सांगायचं कसं? आणि तुम्हाला सांगतो, डावा हात नाही, हा उजवाच, आपोआप वर गेला... सरळ, कानाला चिकटून, दोन बोटं वर!

सरांनी आरशातून बघितलं. म्हणाले, "जा. वस्तरा ठेवून जा."

परत आलो तर दुसरा गाल मेव्हण्यानं उरकलेला, आणि सरांचं डोकं त्याच्या हातात. चेपतोय! सर डोळे मिटून इतके सुखात, की मला हाक मारवेना. त्यांनीच न बघता सांगितलं, "आलास? तू बस बाकावर. दाराजवळची जागा घे, खबरदारी म्हणून."

बसलोय.