गच्चीवरचे सतरा फोटो

वसुधा: झाकणाला हात नका लावू, वहिनी. सेल काढले की आतले फोटो पुसले जातात. इथं कागदावर लिहिलं आहे.

शरयू: आणि सेल संपले तर?

वसुधा: तरी जातात.

शरयू: मग हा कॅमेरा आहे की चाळणी?

वसुधा: मिक्सरवर फुकट मिळाला आहे जी. फुकटात अजून काय येईल? आता हे सेलचं चिन्ह लुकलुक करून राहिलं आहे. म्हणजे घाई करावी लागेल.

शरयू: आणि दोन वाजता लाईट जाईल. रोज जाते.

वसुधा: आत्ता किती झाले?

शरयू: सव्वा वाजून गेला. वसुधा, मी मनाशी ठरवलं आहे. फोटो निघाले तर निघाले. गेले तर समजायचं की हे व्हायचंच नव्हतं. मी पुन्हा गच्चीवर जाऊन उभी राहणार नाही.

वसुधा: काहून?

शरयू: काहून म्हणजे? अठ्ठावन्न वर्षांची बाई मी, पावडर लावून पाण्याच्या टाकीला टेकून उभी. समोरच्या गच्चीवर दुबेबाई पापड वाळवायला आल्या. म्हणाल्या, बहनजी, कहीं जा रही हैं क्या? मी काय सांगितलं माहीत आहे?

वसुधा: काय?

शरयू: टाकी बघायला आले, गळते आहे म्हटलं.

वसुधा: पावडर लावून?

शरयू: हसू नकोस. तू हसलीस की मलाही हसू येतं. सकाळपासून तेच चाललं आहे.

वसुधा: मग आपल्या गोरखपुर बाजारातल्या स्टुडिओत चला म्हटलं होतं मी.

शरयू: त्या स्टुडिओवाल्याची बायको माझी विद्यार्थिनी. संध्याकाळपर्यंत घरोघरी झालं असतं की बाईंनी एकटीचा फोटो काढून घेतला. आणि घरातले फोटो म्हणशील, तर प्रत्येक फोटोत तुझा दादा माझ्या शेजारी आहे.

वसुधा: दादाला कापायचं नाही. म्हणून तर कॅमेरा घेऊन आली मी.

शरयू: पण त्या सगदेवांना आताच कशाला हवा फोटो? सहा-सात महिने नुसती पत्रं चालली होती की.

वसुधा: त्यांनी कारण लिहिलं ना. वर्ध्याच्या लग्नात चष्मा जानवशावर विसरले होते. पंगतीत तुमच्या शेजारी बसून तासभर बोलले, पण चेहरा धूसरच दिसला. तुमचा आवाज पाठ आहे, चेहरा नाही. मला तर ते वाक्य फार आवडलं.

शरयू: तू माझी पत्रं वाचतेस?

वसुधा: तुम्हीच वाचून दाखवलं, वहिनी. दोनदा.

शरयू: बरं, ती वायर घे आधी.

वसुधा: हे टोक कॅमेऱ्यात गेलं. दुसरं कॉम्प्युटरात कुठे जाते?

शरयू: मागे असेल. पुढे तर फ्लॉपीची फट आणि सीडीचा कप्पा, एवढंच आहे.

वसुधा: मी टेबलाखाली जाते. तुम्ही पडद्याकडे लक्ष ठेवा, टॉर्च माझ्याकडे द्या. अरे देवा, इथं भोकंच भोकं आहेत. गोल, लांब, दातवाली.

शरयू: चपटं शोध.

वसुधा: इथं पालीचं अंडं आहे.

शरयू: ते चपटं नसतं.

वसुधा: हसवू नका जी, डोकं आपटून राहिलं माझं. थांबा. गेली. आत गेली. काही झालं का वर?

शरयू: टिंग वाजलं. पडद्यावर इंग्रजीत आलं आहे, नवीन वस्तू सापडली. आता म्हणतो, हिची सीडी टाका.

वसुधा: कॅमेऱ्याच्या डब्यात आहे बघा. एवढीशी, बिस्किटाएवढी.

शरयू: टाकू कुठे? कप्पा उघडत नाही. बटण दाबलं की कुईं करतो आणि गप्प बसतो.

वसुधा: दादा काय करायचा?

शरयू: पुढच्या बारीक भोकात टाचणी घालायचे. आता टाचणी कुठे शोधू?

वसुधा: अंबाड्याचा आकडा काढा.

शरयू: केस सुटतील.

वसुधा: फोटो काढून झाले ना. सुटू द्या.

प्रतिमा: आई? दार उघडंच ठेवलं तुम्ही. अरे, ये क्या हो रहा है? आत्या टेबलाखाली काय करून राहिली?

वसुधा: झाडून राहिली.

प्रतिमा: टॉर्च घेऊन? आणि आई, हे केस काय, ही साडी काय. तू कुठे जात होती?

शरयू: तू इतक्या लवकर कशी?

प्रतिमा: शनिवार आहे ना. फॅक्टरीत हाफ डे. रिछाईहून यायला वेळच किती लागते? मला बताओ, कॉम्प्युटरला काय केलं तुम्ही दोघींनी?

शरयू: काही नाही ग. ह्या कॅमेऱ्यातून फोटो काढायचे आहेत. राशन कार्डासाठी.

वसुधा: पेन्शनसाठी.

प्रतिमा: राशन कार्ड की पेन्शन?

वसुधा: दोन्हीकडे लागतात.

प्रतिमा: सरक आई, मला बसू दे. हा विंडोज अठ्ठ्याण्णव आहे, ह्याला सगळं हातात द्यावं लागतं. तो आकडा दे. हां, खुल गया. वो छोटीवाली सीडी दे आता. ही आतल्या गोल खाचेत बसते. चल रही है. आत्या, वायरला हात नको लावू हां. वायर लागलेली आहे तोपर्यंत करंट इथूनच मिळते. सेल संपले तरी फोटो राहतात.

वसुधा: आणि वायर निघाली तर?

प्रतिमा: तो गए.

वसुधा: मग मी इथंच पकडून बसते.

शरयू: टेबलाखाली?

वसुधा: मला इथं बरं वाटून राहिलं.

प्रतिमा: अच्छा, आता हा विंडोजची सीडी मागतो. पुरानी, मोठीवाली. बाबांकडे होती ना?

शरयू: आहे. कपाटाच्या खालच्या खणात, निळ्या फाईलीत. थांब, देते. ही घे.

प्रतिमा: ह्यावर बाबांनी लिहिलं आहे. "परत लागेल. टाकू नये."

शरयू: ते सगळ्यावरच तसं लिहायचे. पंख्याच्या खोक्यावरसुद्धा.

प्रतिमा: पाच मिनिटं दाखवतो आहे. म्हणजे ह्याची दहा. किती वाजले?

शरयू: दीड वाजला.

वसुधा: वर काय होऊन राहिलं कोणी सांगाल का? मला इथं फक्त पाय दिसतात.

प्रतिमा: आले, आत्या. सतरा आहेत. पहिला... हे काय आहे?

शरयू: वसुधाचा अंगठा.

प्रतिमा: दुसऱ्यात पण अंगठा. तिसऱ्यात पापड.

वसुधा: ते दुबेबाईंचे. मी हात बसवून घेत होती.

प्रतिमा: चौथ्यात आईचं डोकं नाही.

वसुधा: साडी चांगली आली ना पण?

प्रतिमा: पाचव्यात डोळे बंद. सहाव्यात बंद. सातव्यात एक बंद.

शरयू: ऊन डोळ्यांवर होतं.

प्रतिमा: आठ, नऊ, दहा. आई, इथे तू कोणाला रागावून राहिली होती?

शरयू: कोणाला नाही. वसुधा म्हणाली, जरा पोक्त दिसा.

वसुधा: पोक्त म्हटलं होतं, हेडमास्तरीण नाही म्हटलं.

प्रतिमा: हा अकरावा.

शरयू: काय झालं? तोही बिघडला का?

प्रतिमा: नाही. ये देखो.

शरयू: अगं बाई. सगळे दात दिसतात. हा नको.

प्रतिमा: तेव्हा काय झालं होतं?

वसुधा: टाकी खरंच गळत होती. पाठ भिजली त्यांची. दुबेबाईंना खोटं नव्हतं सांगितलं हे कळलं, आणि हसत सुटल्या.

प्रतिमा: आई, तुला असं हसताना मी... कधी पाहिलं होतं, आठवतच नाही.

वसुधा: मग तोच पाठवू. अकोल्याला तोच आवडेल.

प्रतिमा: अकोल्याला काय आहे?

वसुधा: राशनचं ऑफिस.

प्रतिमा: आत्या, बाहेर ये.

वसुधा: वायर पकडली आहे मी.

प्रतिमा: फोटो कॉम्प्युटरात सेव्ह झाले. सोड ती वायर आणि बाहेर ये.

शरयू: तिला नको विचारू. मी सांगते. अकोल्याला एक गृहस्थ आहेत, श्यामसुंदर सगदेव. शेतकी खात्यात होते. त्यांची बायको जाऊन सहा वर्षं झाली. वैशाखात वर्ध्याच्या लग्नात भेट झाली. तेव्हापासून ते पत्र लिहितात, मीही लिहिते. त्यांनी मला लग्नाचं विचारलं आहे. मी अजून हो म्हटलेलं नाही.

(प्रतिमा खुर्ची आईकडे वळवते.)

प्रतिमा: मला काहून नाही सांगितलं?

शरयू: धीर झाला नाही. तीनशे पोरांपुढे उभी राहिलेली बाई मी. तुझ्यापुढे शब्द फुटेना.

प्रतिमा: आणि आत्या, तू? बाबा तुझे सख्खे भाऊ ना?

वसुधा: म्हणूनच मी. दुसऱ्या कोणी पुढाकार घेतला असता तर लोक काहीही बोलले असते. दादाच्या बहिणीनं घेतला तर कोण बोलेल? दादाला जाऊन चार वर्षं झाली, प्रतिमा. तू सकाळी रिछाईला जाते, सूर्य मावळताना येते. उद्या लग्न करून जाशील. ही बाई इथं महाराजपुरात दिवसभर रेडिओशी बोलते. मी बाहेर उभी राहून ऐकलं आहे. बातम्या देणाऱ्याला उत्तरं देते.

शरयू: अशुद्ध बोलतात ते.

वसुधा: पाहिलं?

प्रतिमा: कसे आहेत?

शरयू: कोण?

प्रतिमा: अकोलावाले.

शरयू: अक्षर चांगलं आहे.

प्रतिमा: बस? अक्षर?

शरयू: पंगतीत मी वाढप्याकडे तीनदा मीठ मागितलं. तो आपल्याच नादात. मग हे उठले, आत गेले, वाटी घेऊन आले आणि मला वाढलं. ती साखर होती. चष्मा नव्हता ना.

प्रतिमा: मग?

शरयू: मग काय. वरणभाताबरोबर खाल्ली.

वसुधा: वहिनी, हे मला आत्ता कळून राहिलं.

शरयू: सगळं तुला सांगायला पाहिजे असं कुठे आहे?

प्रतिमा: आई, तू लाजून राहिली.

शरयू: उकडतं आहे.

प्रतिमा: डिसेंबर चालू आहे, आई.

वसुधा: ही लाजली की कानच लाल होतात. पाहा, पाहा, दोन्ही.

शरयू: वसुधा, तू टेबलाखालीच बरी होतीस.

प्रतिमा: आत्या, हसणं थांबव, मला पण हसू येऊन राहिलं, आणि मला अजून हसायचं की नाही ते ठरलं नाही. किती वाजले?

शरयू: दोनला सात कमी.

प्रतिमा: फ्लॉपी आहे का एखादी? घरी नेट नाही. गोरखपुरच्या सायबर कॅफेतून मेल करावी लागेल.

शरयू: मेलचा पत्ता पत्रात दिला आहे त्यांनी. म्हणजे तुला चालेल?

प्रतिमा: माहीत नाही. खरंच नाही माहीत. मला काय वाटून राहिलं ते मी मग सोचीन. अभी लाईट जाएगी, फ्लॉपी दे.

शरयू: ही. ह्यात तुझा कॉलेजचा बायोडेटा आहे.

प्रतिमा: राहू दे, जागा आहे. अकरा नंबर टाकते.

शरयू: तो नको ग. दातांचा कसला पाठवतेस?

प्रतिमा: बाकीच्यात तू नाही तर अंगठा आहे, नाही तर हेडमास्तरीण. चल, चल, चल. किती घरघर करतो हा.

वसुधा: जुना आहे बिचारा. ओरडू नको त्याच्यावर.

प्रतिमा: झालं. निकाल ली.

वसुधा: गेली लाईट. फ्लॉपी? प्रतिमा, फ्लॉपी?

प्रतिमा: हातात आहे. हे पाहा.

शरयू: आणि कॅमेऱ्यात?

वसुधा: चिन्ह विझलं. गेले सगळे. माझे अंगठे पण गेले.

शरयू: बसते जरा.

प्रतिमा: बस. पाणी देऊ? आई, मेलमध्ये लिहायचं काय ते इथेच ठरव. तिथे बाजूला लोक बसतात, वाकून पाहतात.

वसुधा: मी सांगते. लिही, आपल्या आज्ञेनुसार सोबत छायाचित्र...

शरयू: आज्ञा कोणाची? कोणी आज्ञा केलेली नाही. लिही: फोटो पाठवते आहे. माझ्या मुलीने निवडला.

प्रतिमा: असं लिहू? मी निवडला म्हणून?

शरयू: खोटं आहे का?

प्रतिमा: नाही.

शरयू: मग लिही. नाही तर खोडून टाक, तुझ्या हातात आहे.

प्रतिमा: कागदावर लिहिलं. आगे?

शरयू: पुढे काही नाही. खाली शरयू.

वसुधा: एवढंच? एवढ्यासाठी मी पालीच्या अंड्याशेजारी अर्धा तास बसली?

प्रतिमा: चलो आता. गोरखपुरात लाईट चारपर्यंत असते. मी स्कूटी बाहेर काढते. आई, तू कपाट काहून उघडलं?

शरयू: साडी बदलते. गावातून जायचं ना.

प्रतिमा: नको बदलू. अशीच चल.