कोलशेतच्या चकत्या

सभेचे अध्यक्ष आदरणीय सलिलराव, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होत असलेल्या आपल्या संग्रहालयाच्या प्रमुख संचिता मॅडम आणि समोरच्या ठाणेकर बंधू-भगिनींनो,

माझे कान तिखट आहेत. "जेसीबीवाल्याचं इथे काय काम?" असं मागच्या रांगेत कुणी म्हणालं, ते ऐकलं. रास्त प्रश्न आहे! मी सातवी नापास. भाड्याच्या एका मशीनवर सुरुवात केली, आज अकरा आहेत. काम आहे म्हणूनच उभा राहिलो.

मॅडमच्या कपाटात एकोणीस चकत्या आहेत. भाजक्या मातीच्या, मधे भोक. हातानं सूत कातताना टकळीला वजन म्हणून लावायच्या, सात-आठशे वर्षांपूर्वीच्या. त्या मी आणून दिल्या, एवढं तुम्हाला माहीत आहे.

चौदा वर्षांपूर्वी कोलशेतला पाया खणत होतो. बारा फुटांवर, राखेच्या थरात ढीगभर निघाल्या. खाडीवरचे दामाजी कोळी बघत होते. म्हणाले, "जाल्याची वजनं हान ही!" ओंजळभर घेऊन जाळ्याला बांधायलाही बसले. तेवढ्यात त्यांची आई आली, भागीरथीबाई. "अरं मेल्या, टकलीची चकती पान्यात बुडवतंस?" तिनं भोकात बांबूची काडी खोवली, आमच्या वॉचमनच्या फाटक्या गादीतला कापूस ओढला, मांडीवर काडी फिरवून सोडली. सूत निघालं हो! माझ्या हातातला चहा तसाच राहिला.

म्हणजे मला सगळं कळलं होतं. उरलेल्या एकोणीस चकत्या मी त्याच संध्याकाळी संग्रहालयात दिल्या. दुसऱ्या दिवशी मॅडम खड्ड्यावर आल्या. म्हणाल्या, "महेंद्रभाऊ, ह्या इथल्याच मातीतल्या ना? एवढं सांगा. इथे कातणाऱ्यांची वस्ती होती, हे मला मांडता येईल."

मी काय म्हणालो? "नाही मॅडम, माजिवड्याहून आणलेल्या भरावात होत्या." का? तर काम थांबलं असतं. बस्स, एवढंच.

मॅडमनी विश्वास ठेवला. तज्ज्ञांनी त्यांचा निबंध परत पाठवला. वस्तू मूळ जागची नाही, मग पुरावा कसला? त्यानंतर मॅडमनी एक ओळ लिहिली नाही. मी मात्र चकत्यांचा देणगीदार म्हणून दर वर्षी इथे येऊन शाल-श्रीफळ घेत राहिलो.

आज तिथे बावीस मजले उभे आहेत. दामाजी गेले, भागीरथीबाई गेली. बघितलेला मी एकटा उरलो. आणि उद्यापासून हे संग्रहालयही बंद. कपाटं गोदामात जाणार.

मॅडम, त्या तिथल्याच होत्या. हा कागद आणलाय. खड्ड्याचा नकाशा, खोली, तारीख, खाली माझी सही.

काय म्हणालात, मॅडम? "आता कशाला, भाऊ?"

...बरं. इथे टेबलावर ठेवतो.

आयोजकांनी मला बोलू दिलं, त्यांचे आभार. कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर सभेनं पोटात घालावं. मॅडमपाशी मात्र तेवढं मागायला मला तोंड नाही.