‘ख’च्या चार बाटल्या

लेक: ‘क’च्या बाटल्या बारा. बाराही रिकाम्या. ‘ख’च्या बारा. आठ रिकाम्या, चार भरलेल्या. बाबा, या चारांचं तर झाकणही उघडलेलं नाही.

बाबा: मग बरोबर मोजलंस.

लेक: आठवड्याला एक ‘क’ची डाव्या हाताला, एक ‘ख’ची उजव्या हाताला. आज बारा आठवडे झाले.

बाबा: आठ आठवडे तुझी आई लावायची.

लेक: आणि ती गेल्यानंतरचे चार?

बाबा: डाव्या हाताला मी लावलं, उजव्यानं. उजव्याला कशानं लावू? झटका आल्यापासून डाव्या हातात सुई टोचली तरी कळत नाही. झाकण काय फिरवणार?

लेक: मला सांगायचं. मी घरातच होते.

बाबा: होतीस. मीही होतो.

(ती एक भरलेली बाटली खिडकीच्या उजेडात धरते.)

लेक: हिच्या तळाशी गाळ आहे.

बाबा: असेल.

लेक: असायला नको. ‘ख’मध्ये नुसतं ग्लिसरीन आणि उकळलेलं पाणी. कोरफड फक्त ‘क’मध्ये. कातडी मऊ होते ती कोरफडीनं की ग्लिसरीननं, तेच तर बघायचं होतं. बाबा, ‘ख’मध्ये काय आहे?

बाबा: ‘क’मध्ये आहे तेच.

लेक: कधीपासून?

बाबा: पहिल्या दिवसापासून. तुझ्या आईनं पानं कापून पातेल्यात उभी ठेवली, पिवळा चीक निथळू दिला. चीक राहिला तर अंग खाजतं म्हणायची. मग गर काढला, फडक्यातून गाळला, ग्लिसरीनमध्ये घोटून बारा बाटल्या भरल्या. दुसऱ्या बारा पुढ्यात घेऊन नुसती बसून राहिली. म्हणाली, अहो, एका हाताला औषध आणि एकाला पाणी, हे माझ्याच्यानं व्हायचं नाही. उठली आणि आणखी पानं कापायला गेली.

लेक: आणि तुम्ही गप्प बसलात.

बाबा: ती म्हणाली, ठमीला सांगू नका, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला लावील.

लेक: लावलंच असतं.

बाबा: तेच म्हणतोय.

लेक: सुरुवातीला यंत्रावर दोन्ही हातांच्या कातडीचा ओलावा सत्तावीस होता. आठव्या आठवड्यात दोन्ही एक्केचाळीस. मी ओट्यापाशी जाऊन तिला सांगितलं, दोन्ही सारखेच आले, म्हणजे तुझ्या कोरफडीत काही दम नाही. जे काय आहे ते ग्लिसरीनचं.

बाबा: ऐकलं मी. बाहेरच बसलो होतो.

लेक: ती म्हणाली, असेल बाई. आणि भांडी विसळायला लागली.

बाबा: हो.

लेक: तीन दिवसांनी गेली.

बाबा: चौथ्या दिवशी पहाटे.

लेक: चार दिवस, मग. तेवढ्यात कधीही सांगता आलं असतं तिला.

बाबा: माझ्यापाशी हसली होती. म्हणाली, पोरीचं यंत्र खोटं नाही, मीच खोटी.

लेक: आता यातून काहीच सिद्ध होत नाही. दोन्हींत एकच, वर एका हाताला चार आठवडे काहीच नाही. कॉलेजातल्या मॅडमना सांगते, प्रयोग बाद धरा.

बाबा: तरी माप घे.

लेक: कशाला?

बाबा: चाळीस वर्षं कपडे शिवले. कापड वाया गेलं तरी गिऱ्हाइकाचं माप वहीत लिहून ठेवायचो.

लेक: काल संध्याकाळपासून काही लावलेलं नाही ना?

बाबा: नाही. तूच सांगितलं होतंस.

लेक: बाह्या वर करा. दहा मिनिटं हात तसेच उघडे राहू द्या.

बाबा: उजव्या बाहीची गुंडी तू काढ.

लेक: आजवर कोण काढायचं?

बाबा: लावतच नव्हतो. आज सकाळी तूच लावून दिलीस.

लेक: टेबलावर ठेवा हात. असा नाही, आतली बाजू वर. यंत्र टेकवतेय, टोचणार नाही.

बाबा: उजव्याला गार लागतंय. डाव्याला काही नाही.

लेक: मग रोज लावताना तरी काही कळायचं का?

बाबा: लावणाऱ्या हाताला कळायचं.

लेक: हलू नका. अजून एकदा. झालं. तीनदा घेतलं, सरासरी लिहिते.

बाबा: मोठ्यानं वाच.

लेक: डावा बेचाळीस. उजवा अठ्ठावीस.