सांध्याखालची फट

बाबा: ...आणि हा म्हणे छप्परवाला! खालूनच मान वर करून बघितलं आणि म्हणाला, "सिलिकॉनची नळी मारून देतो काका." नळी! छप्पर आहे की दात?

मुलगी: बाबा, भिंत ओली आहे. निदान एवढं तरी मान्य करा.

बाबा: दिसतंय मला. डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, डोळे गेले नाहीत.

मुलगी: मग स्वयंपाकघराचं छप्पर भिंतीला टेकतं तिथूनच येतंय ना? तो सांधा तुम्हीच केलेला.

बाबा: एकवीस वर्षं झाली. भिंतीत खोल खाच पाडली, शिशाच्या पत्र्याची वरची कड त्यात खोचली, खालची कौलांवर मोकळी सोडली. एकवीस वर्षांत थेंब नाही. आता भिंतीला अचानक माझा राग आला का?

मुलगी: तुमचा राग यायला एकवीस वर्षं लागली म्हणजे भिंत भलतीच सोशिक.

बाबा: बोल, बोल. एवढं कपाटभर वाचलंस, पत्रा खालून मोकळा का सोडतात ते लिहिलंय कुठे?

मुलगी: नसेल. पुस्तकं लिहिणारे मूर्ख, छप्परवाले मूर्ख, शेजारचा इंजिनिअर मूर्ख. शहाणे तेवढे तुम्ही.

बाबा: इंजिनिअरच्या गॅलरीत गळतीखाली बादली ठेवलीय. जाऊन बघ. ...खरं सांग, मी दवाखान्यात होतो तेव्हा वर कुणी हात लावला का?

मुलगी: कोण लावणार?

बाबा: जिन्याच्या खिडकीतून हात पोचतो, म्हणून विचारलं.

मुलगी: नाही लावला कुणी. दर वेळी दुसऱ्याच्या माथी कशाला मारता? तुमचंही काम चुकू शकतं.

बाबा: ...असेल. त्या टोकाला खाच उथळ पडली असेल. कंटाळा केला असेन.

मुलगी: मी तसं म्हटलं नाही.

बाबा: म्हटलंस. राहू दे. उद्या शिडी लाव, मी चढून बघतो.

मुलगी: शिडीबिडी काही नाही. चहा गार होतोय, प्या.

(तीन आठवड्यांनी, त्याच स्वयंपाकघरात. दुसरा कारागीर नुकताच छपरावरून उतरला आहे.)

कारागीर: शिडी मजबूत आहे हो ताई. तुमचीच?

मुलगी: बाबांची. ते स्वतः चढणार होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठवायला गेले, तर ते उठलेच नाहीत.

कारागीर: अरेरे. ...हे बघा, वर काय निघालं.

मुलगी: काय आहे?

कारागीर: सिलिकॉन. पत्र्याच्या खालच्या कडेला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. वरची खाच बघाल तर हात जोडावेत असं काम, आणि खाली हे शेण थापलंय.

मुलगी: तिथे फट होती.

कारागीर: असायलाच हवी! वाऱ्याच्या पावसात चार थेंब पत्र्यामागे जाणारच, कुणीही केलेलं असो. ते खालच्या फटीतून निघून जातात. वाट बुजवली की तुंबतं आणि भिंतीत मुरतं. ज्या गाढवानं हे केलं त्याला याच भिंतीला टेकवून झोपवायला हवं.

मुलगी: म्हणजे खाच उथळ नाही?

कारागीर: उथळ? माझं अर्धं बोट आत जातं. कुणाची आहे?

मुलगी: बाबांची.

कारागीर: हां, मग आलं ध्यानात. तरुणपणी हात सोन्याचा, म्हातारपणी अक्कल गेली. स्वतःच नळी आणून बसले थापत.

मुलगी: त्यांची अक्कल गेली नव्हती.

कारागीर: वाईट वाटून घेऊ नका. आमच्या उस्तादांचंही शेवटी तेच झालं. माणूस स्वतःचं काम स्वतःच बिघडवतो.

मुलगी: ती नळी मी मारली.

कारागीर: तुम्ही?

मुलगी: जिन्याच्या खिडकीतून, हात लांबवून. ते दवाखान्यात होते. फट दिसली, म्हटलं, एवढंसं काम, त्यांना कशाला विचारायचं.

कारागीर: ...मग नंतर तरी सांगायचं होतं त्यांना.

मुलगी: त्यांनी विचारलं होतं. इथेच बसून. मी नाही म्हटलं.