वासरू नोहोय, बैल हाय

—नाही नाही, मामासाहेब, उठू नका, थे बॅग आधी खाली ठेवा, तुमची भाची घरी येईपर्यंत इथंच बसा, म्हातारीच्या हातचं पानी घ्या. गाळलेलं हाय, उकळलेलं हाय, जैनाच्या घरचं पानी हाय, तुमच्या यहुदी धर्माले याच्यात बोट ठेवाले जागा नाही. हं. आता सांगा, काय पायलं तुमी? इष्टीतून उतरून येता येता, शाळेच्या मैदानात? सोन्याचं वासरू — अन् त्याच्याभोवती पोट्टे नाचून राह्यले — अन् मधात तुमचा नातू, आपला नेमू, डोक्यावर तुमची थे गोल टोपी घालून? चुकून पायलं तुमी. म्हंजे पायलं थे बरोबर पायलं, पन थे वासरू नोहोय. बैल हाय! वशिंड नाही पायलं काय त्याचं? तुमच्या पोथीत काय लिवलं हाय — वासरू. तुमचे मोशेबावा डोंगरावर गेलते, देवानं त्याईले दगडाच्या पाट्या देल्या, अन् इकडे खाली लोकायनं दागिने वितळवून सोन्याचं वासरू केलं, त्याच्यापुढे नाचले, मंग मोशेबावा खाली आले अन् त्याईनं त्या पाट्याच फोडल्या. हाय नं असं? लय मोठं पाप हाय तुमच्यात, मले मालूम हाय. पन वासराचं! बैलाचं नाव बी नाही त्याच्यात. तुमी पनवेलचे, तुमाले समुद्रातलं समजते, खुरातलं समजत नाही. अन् सोन्याचा त बिलकूल नाही थो, सागाच्या लाकडाचा हाय, वरून जरासा — पिवळा हाय. उन्हानं चमकला असन.

तुमच्या कोकनात तान्हा पोळा नसते काय? नसन. काल मोठा पोळा झाला — खरे बैल, झुली, बाशिंगं, तोरन — अन् आज लेकरायचा. चाकं लावलेला लाकडाचा बैल, त्याले सजवाचं, दोरीनं ओढत न्याचं, मैदानात रांगेत उभं कराचं, नंबर काढाचा, मंग घरोघरी नेऊन बोजारा मांगाचा, म्हंजे खाऊ मांगाचा. याच्यात देव कुठं आला? बरं, कुंकू लावतो आपन, ओवाळतो, पायाले हात लावतो — पन थे घरचा मानूस म्हनून. जावई आला तरी ओवाळतो, जावयाले देव कोन म्हनते? अन् आजच काहून म्हनता — औंदा अधिक महिना आला म्हनून सारं मागंपुढं झालं, नाही त तुमचं नवं साल घटस्थापनेच्या आगेमागे येते, मले काय मालूम नाही! औंदा थे पोळ्याच्या पाठीवर बसलं. सांजेले तुमचं नवं साल लागते अन् दुपारी तान्हा पोळा — याच्यात पोट्ट्याचा काय गुन्हा? भांडाचं त पंचांगवाल्याशी भांडा.

रंग? रंगाचं मंग सांगतो, आधी बैलाचं आयका. तुमचा जावई, हनोक डॉक्टर — आता भाचीचा नवरा म्हंजे जावईच झाला नं — गुराचा डॉक्टर, दिवसभर कोनाची म्हैस अडली, कोनाच्या गाईचं पोट फुगलं, कोपरापर्यंत हात घालून फिरते. असा मानूस घरी येऊन काय करन? ढोराचं तोंड बी पायनार नाही वाटते. पन नाही — आंघोळ करन, चहा पिइन, अन् लाकडाचा बैल कोरत बसन! छंद हाय बापा त्याले. नेमू रांगे त्या सालचा बैल मुठीएवढा. नेमू चालाले लागला, बैलाले चाकं लागली. गोवर निघाला तवा बैलाच्या आंगावर लाल ठिपके. झाडावरून पडून हात मोडला, त्या पोळ्याले बैलाचा पाय पट्टीत! अख्खं अनसिंग पायाले आलतं. अन् दुधाचे दात पडाले लागले तवापासून डॉक्टर बैलाचे दात बी कोरते — तोंड उघडून पा, त दोन दाती, मंग चार दाती, मंग सहा दाती, बाजारात हेडे, बैलाचे दलाल, पायतेत तसे. औंदाचा पुरा जुळलेला हाय, आठ दात. आता तुमी धर्माचे मानूस, तुमीच सांगा — आठ दाताचं वासरू पायलं काय कदी?

नाही, आत पाहू नका. हवा हाय, म्हनून परदा उडून राह्यला, तुमी इकडे बसा, रस्त्याकडे तोंड करून — पायलं? पायलं त पायलं. हो, थे सारेच हायेत तिथं. पट्टीवाला बी. आता त्याचं असं हाय, सियोना, तुमची भाची, लय कडक हाय धर्माची — म्हने, भंवरीआजी, आमच्या घरात मूर्ती चालत नाही. मी मनलं, माह्या घरात चालते, आन. पयल्या साली एक आला, मंग दरसाल एक. श्रेयांसच्या खोलीत उभे केले. श्रेयांस म्हंजे माहा पोरगा, सुरतले असते, कपड्याचं करते. दिवाळीले आला त म्हने, माय, मी झोपू कुठं? मी मनलं, बैलाच्या पलीकडे झोप. मंग दुसऱ्या दिवाळीले आलाच नाही — बैलामुळे नाही हो, त्याले टाइम नसते. फोनवर दिसते. जिनल, माही नातीन, फोनवर एवढीशी दिसते, वाढली का नाही वाढली थे बी समजत नाही. त्या चौकोनात सारे सारखेच.

पन तुमच्या भाचीच्या घरात काईच खोट नाही, थे मी शपथेवर सांगतो. दाराच्या चौकटीले थे तिरपी डबी हाय नं तुमच्या देवाच्या शब्दाची, त्याले हात लावल्याबिगर कोनी आत जात नाही — मलेच सवय लागली, वाशीमले दाताच्या डॉक्टरकडे गेली त त्याच्या बी चौकटीले हात लावून आली. त्याची घंटी वाजली. अन् यायेल, नेमूची मोठी बहीन, पोलिस भरतीसाठी पहाटे धावते, मेडशीच्या रस्त्यानं, मागं गावातले सारे कुत्रे. आता शनवारी तुमच्यात सुट्टी, सारं बंद, त पोट्टी धावत नाही. कुत्रे एकटेच धावून येतेत. शपथ! वळनापर्यंत जातेत अन् वापस येतेत. एवढा धर्म गावातल्या कुत्र्याईले मालूम झाला, अन् तुमी म्हनता पोट्टे बिघडले?

हो, हो, नेमूचं. तुमी त्याच्यासाठीच आले, मले सारं मालूम हाय. सियोना मले म्हने, आजी, सोमवारी नेमूचं तेरावं. मी घाबरलीच, मनलं कोन गेलं व बाई? मंग तिनं सांगतलं, तसं नाही, तेरा वर्साचा झाला म्हंजे तुमच्यात थो मानूस झाला, दहा मानसायसमोर उभा राहून पोथी वाचाची, त्याच्यानंतर त्याचं पाप त्याचं, बापाचं नाही. तयारी झाली त्याची. गॅलरीत बसून वाचते, उजवीकडून डावीकडे, मले तोंडपाठ झालं, समजत काईच नाही पन अडकला त मीच पुढचं सांगतो. अन् पोथी झाली का तुमी त्याले पनवेलले नेनार. तुमच्याजवळ राहीन, तिथल्या तुमच्या लोकायत राहीन, शिकन, इथं त्याच्या धर्माचं एक पोट्टं नाही खेळाले — बरोबर हाय तुमचं. डॉक्टर बी हो म्हनते, सियोना बी हो म्हनते. मले कोनं इचारलं? मले काहून इचारतीन! मी कोन? समोरच्या घरातली म्हातारी.

नाही, मी काई म्हनत नाही. मी एवढंच म्हनतो का तुमच्यासारख्या मोठ्या मानसानं असं काई डोळ्यानं पायल्यावर — सोन्याचं, नाचताना, अन् थे बी तुमच्या सनाच्या दिवशी — कोनालेबी राग येईन. मलेच आला असता. अशा पोट्ट्याले मी नसतं नेलं बापा. पोथी बी नसती वाचू देली इतक्यात, अजून एखादं साल ठेवलं असतं मायबापाजवळ, शिस्त लागू देली असती. अन् जायचंच असन तुमाले त वाशीमची इष्टी आता चौकात लागीन, शुक्रवार हाय, दिवस मावळला का तुमचा शनवार लागते, त्याच्या आत लॉजवर पोचसान. मी सांगीन सियोनाले, का मामासाहेब आलते अन् रागानं गेले. रडन एक दिवस. मंग राहीन. पनवेलची हवा बी काई चांगली नाही म्हनतेत, खारी असते, लोखंड खाते, लेकरू काय चीज हाय! अन् तिथं तुमी त्याले मासोळी खाऊ घालसान. घरी खाते थो, खाऊ द्या, पन इकडे येऊन माह्या हातची दाळबाटी बी खाते, अन् तिथं त्याले पापड कोन भाजून देईन — एका बाजूनं जास्त अन् एका बाजूनं कमी, तसाच लागते त्याले.

काय म्हनलं? रंग कोनं लावला? लागला असन. पोट्टे हायेत. डॉक्टरनं त साधाच ठेवला होता, सागाचा रंग लय चांगला दिसते म्हने. मंग दुकानदाराले पिवळा मांगतला त त्यानं सोनेरी देला असन, आजकाल कोनी आयकून घेते काय? अन् वरख त जरासाच हाय, शिंगाईले अन् — हो, वरख. सोन्याचा. आमच्यात देवाच्या आंगीले, म्हंजे सजावटीले, लावतेत, थो मीच आनला होता देवासाठी, उरला होता. उरला म्हंजे — लावाचाच होता अजून. देव काई म्हनत नाही हो, त्याले सालभर लागते. मी मनलं, पोट्ट्याचा शेवटचा तान्हा पोळा हाय, पुढच्या साली थो पनवेलले राहीन, त लागू द्या सोनं. प्रेमानं लावला. मले काय मालूम तुमच्यात असं असते! वासराची थे गोष्ट त नेमूनं मले नंतर सांगतली, सारं झाल्यावर, मी डोक्यालेच हात लावला.

कदी सांगतली? नंतर. अहो, मी मोठ्या एकादशीच्या दिवशी भगर निवडत होती — नाही, मी नाही, शेजारची गोजराबाई निवडत होती, मी बसली होती — अन् नेमू पोथी वाचता वाचता थांबला. मनलं, काहून थांबला? त थो म्हने, आजी, आमच्यात साऱ्यात मोठं पाप कोनतं मालूम हाय काय, जे पायल्याबरोबर मोशेबावाच्या हातातल्या पाट्या फुटल्या, अन् पनवेलच्या आजोबानं पायलं त थे त चौकातूनच वापस जातीन. हसत होता. मी नाही हसली. मी रातभर पडून होती अन् दुसऱ्या दिवशी पयल्या इष्टीनं वाशीमले गेली रंग आनाले, त्या दुकानदाराले मनलं, साऱ्यात जास्त चमकते थो —

नाही.

म्हंजे थो रंग... माह्या दाराले लावाचा होता.

मामासाहेब, असं पाहू नका. बॅग उचलू नका. बसा न बापा, इष्टी गेली बी असन आता. हो, मीच. लाकडाचा होता, मी सोन्याचा केला, पोट्टं शाळेत गेलं होतं तवा केला, अन् आला त त्याले मनलं, तुहा पयला नंबर याले पायजे. त्याले गोष्टीची याद बी आली नाही. त्यानं माह्या गळ्यात हात टाकले. तेरा वर्साचं पोट्टं, आता कोनाच्या गळ्यात हात टाकते थे? सुरतवाल्यानं त दहाव्या वर्सीच सोडलं होतं. मी काय करू मंग? तुमाले तिथं पनवेलले सारं गाव हाय तुमच्या लोकायचं. दहा मानसं पायजे तुमाले देवापुढे उभं राहाले, मले एकच पायजे होतं.

थे पा, ताशा आयकू येऊन राह्यला. आले. चौकातून वळले. पुढे थोच हाय — काय चमकते हो बैल, मलेच पाह्यवत नाही. मामासाहेब, आता मले जे बोलाचं थे मंग बोला, चार शिव्या द्या, त्याच्यासमोर नको. त्याले काईच मालूम नाही. त्याचं पाप नाही हे, तेरावं लागाले अजून तीन दिवस हायेत, बापाचं बी नाही, माहं हाय, माह्या नावानं तुमच्या देवाजवळ सांगा. पोट्ट्याले पोथी वाचू द्या. थो चुकत नाही कुठंच. मी सांगतो नं, मी आयकली हाय.

ये रे नेमू. दोरी सोड, बाकीच्याईले जाऊ दे समोर. पयला आला? मले मालूमच होतं. हे पनवेलचे आजोबा, पाया पड — माह्या नंतर, आधी त्याईच्या. नाही, रागवले नाहीत, उन्हानं लाल झाले थे. तुले न्यालेच आले. खरंच. इचार त्याईले... पाय, मान हलवली. आता घरी जा अन् आंग धू, मान अन् कानामागं लागलं हाय सोनेरी, साबनानं निघत नाही, घासलेटानं घास. बैल राहू दे इथंच, मी पायतो काय कराचं त्याचं. मामासाहेब, तुमी बी जा त्याच्यासंग, तुमचं नवं साल लागून राह्यलं. जा नं आता. दिवस मावळला म्हंजे आमाले जेवता येत नाही, अन् मी अजून चूल बी पेटवली नाही.